घड्याळाने वाचविलेली मुले

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे : कोयनानगर. २० ऑक्टोबर १९९१, रात्री २ वाजून ५३ मिनिटे : उत्तरकाशी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे : किल्लारी. २२ मे १९९७, पहाटे ४ वाजून २२ मिनिटे, आणि तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत : जबलपूर. २९ मार्च १९९९, मध्यरात्र उलटून ३५ मिनिटे : चमोली.

बत्तीस वर्षांतील हे पाच मोठे भूकंप. पाचही वेळा शाळांचे वर्ग रिकामे होते. सहावा भूकंप कच्छचा, २६ जानेवारी २००१ चा, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांचा. वेळ दिवसाची होती, पण दिवस झेंडावंदनाचा होता. मुले वर्गात कोंडलेली नव्हती, पटांगणात नाहीतर रस्त्यावर होती. तरीही ९७१ विद्यार्थी आणि ३१ शिक्षक मेले. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती मुलांच्या अंगावर आल्या. तो दिवस साधा शुक्रवार असता आणि घंटा होऊन वर्ग भरलेले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कोसळलेल्या शाळांच्या आकड्यावरून ज्याचा त्याने करावा. तो आकडा हजारात आहे.

आपल्याकडे एक समज रूढ आहे की, भूकंपात घरे पडतात, शाळा त्यातल्या त्यात टिकतात. हा समज शाळांच्या इमारतींनी कमावलेला नाही. तो घड्याळाने मिळवून दिलेला आहे. घड्याळाने जेथे साथ दिली नाही तेथे काय घडले हेही जगाने पाहिले आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी, पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मिरात आणि शेजारच्या हजारा भागात शाळा भरलेल्या असताना जमीन हादरली आणि सतरा हजारांवर विद्यार्थी मेले. बहुतेक सारे शाळांच्या छपराखाली मेले.

भूकंपाचा इतिहास लिहिणारे भूकंपाची तीव्रता लिहितात, मृतांची संख्या लिहितात, पुढाऱ्यांच्या भेटी लिहितात. शाळेच्या भिंतीला प्रश्न विचारण्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. भिंत किती भार सोसेल, कोणत्या धक्क्याला कोठून फुटेल, हे ती पडण्याच्या आधी तपासणे म्हणजे तिच्या दुर्बलतेचे मूल्यमापन. हे काम कोणी सुरू केले, कोणाला ते करू दिले गेले नाही आणि कोणती मुले या मोजणीतून सुटली, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रश्न विचारणेच मुळात अवघड असते, कारण त्याच्याआधी उत्तर तयार असते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे सांगितले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू अस्पृश्यतेवर प्रहार करण्याचा होता हे मान्य केले तरी अडचण शिल्लक राहतेच. पापाने घर पडते असे एकदा ठरले की भिंतीत चुना होता की चिखल, हे विचारण्याची गरज उरत नाही. शिवाय त्या भूकंपात अस्पृश्यही मेले. ते कोणत्या पापाबद्दल मेले?

त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका देशात वेगळे उत्तर देण्यात आले होते. १० मार्च १९३३ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी भूकंप झाला. शाळा सुटून काही तास झाले होते. सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या आणि आणखी १२० शाळांची मोठी पडझड झाली. विटांच्या देखण्या, कमानीदार, दर्शनी भागावर खर्च केलेल्या अशा त्या शाळा होत्या. दुसऱ्या दिवशी पालक ढिगारे पाहायला गेले तेव्हा आपले मूल काल दुपारी कोठे बसले होते हे त्यांना बोटाने दाखविता येत होते. एका महिन्याच्या आत, १० एप्रिलला, फील्ड कायदा मंजूर झाला. सार्वजनिक शाळेचा नकाशा राज्याच्या तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय बांधकाम करायचे नाही, बांधकाम चालू असताना जागेवर निरीक्षक हवा, आणि काम नकाशाप्रमाणेच झाले असे वास्तुशिल्पी, अभियंता, निरीक्षक व कंत्राटदार या सर्वांनी शपथेवर लिहून द्यायचे. शपथ खोटी ठरली तर गुन्हा. माझ्या मते या कायद्याचे मर्म या शपथेत आहे. लोखंड किती घालावे हे अनेक देशांच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते घातले असे आपल्या नावानिशी लिहून देणारा माणूस मात्र क्वचितच सापडतो.

तथापि हा कायदा नव्या शाळांपुरता होता. आधी उभ्या असलेल्या जुन्या शाळांसाठी १९३९ साली दुसरा कायदा करावा लागला आणि त्या साऱ्या इमारतींचा निकाल लागेपर्यंत चाळीस वर्षे गेली. खाजगी शाळा तर १९८६ पर्यंत बाहेरच होत्या. श्रीमंत देशाची ही गोष्ट आहे. नवे नीट बांधणे सोपे असते. उभे असलेले तपासणे हे खरे खर्चाचे आणि अडचणीचे काम, कारण तपासले की कळते, आणि कळले की काहीतरी करावे लागते.

आपल्याकडे न कळण्याची सोय नकाशाने केली. भारतीय मानकांतील १८९३ क्रमांकाची संहिता १९६२ साली प्रथम निघाली. देशाचे भूकंपाच्या धोक्याप्रमाणे विभाग पाडून कोठे कसे बांधावे हे तीत सांगितले आहे. दख्खनचे पठार हे प्राचीन, स्थिर, न हलणारे, अशी त्या वेळी ठाम समजूत होती. १९६७ साली कोयनेने ती खोटी पाडली, सुमारे १८० माणसे मेली, आणि १९७० च्या आवृत्तीत कोयना परिसर वरच्या विभागात गेला. बाकीचे पठार बरेचसे होते तेथेच राहिले. लातूर-उस्मानाबादचा (आताच्या धाराशिवचा) भाग १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. जमिनीने सूचना दिली नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसराला वारंवार धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला मोठा. मुख्य भूकंपाला तेव्हा जवळजवळ एक वर्ष अवकाश होता. धक्क्यांची मालिका म्हणजे मोठा भूकंप येणारच असे कोणतेही शास्त्र सांगत नाही, हे खरे. पण भिंती पाहण्यासाठी एवढे निमित्त पुरेसे होते. नकाशा मात्र सांगत होता की येथे पाहण्यासारखे काही नाही.

नंतर काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसे मेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. नकाशा प्रेतांच्या मागून चालत आला. त्याच २००२ साली, ३१ ऑक्टोबरला, इटलीतील सान जुलियानो दी पुलिया या लहानशा गावात शाळा पडून २७ मुले आणि एक शिक्षिका मेली. गावातील घरे बहुतांशी उभी राहिली आणि शाळा पडली. ते गावही भूकंपाच्या सरकारी यादीत नव्हते. पुढच्या वर्षी इटलीने सारा देश नव्याने विभागला आणि शाळांसारख्या महत्त्वाच्या इमारती तपासण्याचा आदेश काढला. मराठवाडा आणि इटली यांच्यात साम्य शोधायला जाण्याचे कारण नव्हते. ते आपण होऊन पुढे येते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट उघड होते आणि ती आपल्या समाजाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांतील मातबर घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे धाबे. भिंतीला बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट मातीचा थर, आणि गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही पदर फाकले आणि धाबे खाली आले. कुडाच्या आणि गवती छपराच्या झोपड्या मात्र बहुतेक तग धरून राहिल्या, आणि पडल्या तरी त्यांनी माणूस मारला नाही. गावकुसाकडेच्या दरिद्री वस्तीला तिच्या दारिद्र्यानेच वाचविले, हा इतिहासाचा क्रूर विनोद. (पुढे पुनर्वसनात घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीनाला आणि हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरवाल्याच्या पुढे ७५०. विनोद तेथेही संपला नाही.)

तेव्हा ज्याला आपण 'पक्की इमारत' म्हणतो तो शब्दच तपासून घेतला पाहिजे. झाडाखाली, देवळाच्या ओवरीत, पडक्या चावडीत भरणारी शाळा जाऊन पक्की शाळा यावी ही आपल्या दोन-तीन पिढ्यांची मागणी होती आणि ती रास्त होती. पण पक्की म्हणजे जड, आणि जड म्हणजे सुरक्षित, असे समीकरण आपल्या मनात बसले. सान जुलियानोच्या शाळेवर जुन्या दगडी भिंती तशाच ठेवून सिमेंट-काँक्रीटचा नवा मजला चढविण्यात आला होता. गावाला तो विकासच वाटला असणार. आपल्याकडेही जुन्या मातीच्या सांध्याच्या भिंतीवर नवा स्लॅब ओतला की उद्घाटनाची पाटी लागते. स्लॅबचे वजन कोणत्या भिंतीने पेलायचे, हे पाटीवर नसते.

भिंतीचे मूल्यमापन ही केवळ इंजिनिअरांची विद्या आहे असे मानण्याचेही कारण नाही. शेवटचा निर्णय इंजिनिअरानेच द्यावा लागतो, परंतु पहिली चाळणी डोळ्यांनी आणि टेपने होते. भिंत कशाची, सांधा मातीचा की सिमेंटचा, कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या आहेत की नुसत्या टेकवलेल्या, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे की प्रत्येक खिडकीवर तुटक लिंटेल आहे, छप्पर किती जड, खांब आखूड आहेत काय, मजला नंतर चढविला काय. १९९० च्या दशकाच्या शेवटी नेपाळमध्ये काठमांडू खोऱ्यातील सरकारी शाळांची पाहणी करायची ठरली तेव्हा मुख्याध्यापकांनाच बोलावून, समजावून, त्यांच्याकडून आपापल्या इमारतीचे तक्ते भरून घेण्यात आले. मग भक्तपूरजवळच्या नांगखेल गावातील शाळा गावच्या गवंड्यांना शिकवून, त्यांच्याच हातांनी मजबूत करण्यात आली. पुढे अशा बऱ्याच शाळा झाल्या. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळ हादरला आणि हजारो शाळा निकामी झाल्या. या दुरुस्त केलेल्या शाळा मात्र उभ्या राहिल्या. वार शनिवार होता, नेपाळातील साप्ताहिक सुट्टीचा. घड्याळ पुन्हा एकदा मुलांच्या बाजूने होते.

चीनमध्ये ते नव्हते. १२ मे २००८, दुपारी २ वाजून २८ मिनिटे, सोमवार. सिचुआन प्रांतात सरकारनेच वर्षभराने मान्य केलेला मृत व बेपत्ता विद्यार्थ्यांचा आकडा ५,३३५ आहे. शेजारची सरकारी कचेरी उभी आणि शाळा भुईसपाट, असे दृश्य ठिकठिकाणी पालकांनी पाहिले. एकुलत्या एका मुलाचे फोटो घेऊन ते रस्त्यावर आले. सिमेंट कोणी खाल्ले, हा त्यांचा प्रश्न होता. पडलेल्या शाळांचा आणि मेलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या तान त्सोरेन या कार्यकर्त्याला २०१० साली पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप वेगळा लावला होता. चित्रकार-शिल्पकार आय वेवे यांनी स्वयंसेवक पाठवून पाच हजारांवर मुलांची नावे गोळा केली. भिंतीला प्रश्न विचारणे हे राज्यकर्त्यांना केवढे धोक्याचे वाटते याचे हे उदाहरण.

आणि त्याच सिचुआनमध्ये सांगझाओ नावाच्या गावात एक माध्यमिक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक ये झिपिंग. वर्गांची इमारत अडाणी कामगारांनी बांधलेली, आणि ती पक्की आहे असे लिहून द्यायला कोणी तयार नव्हते. मुख्याध्यापक झाल्यावर ये यांनी तिची झडती घेतली तेव्हा फरशांच्या सांध्यात काँक्रीटऐवजी सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या कोंबलेल्या सापडल्या. त्यांनी जिल्ह्याकडे पैसे मागितले. थोडे थोडे मिळत गेले. काही वर्षे सुट्ट्यांतून काम चालले : सांधे भरले, खांब जाड केले, कठडे बदलले. मूळ इमारतीला लागला त्याहून अधिक पैसा तिच्या दुरुस्तीला लागला. २००५ पासून वर्गावर्गाने बाहेर पडण्याचा सराव सुरू झाला. कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने जायचे आणि शिक्षकाने कोठे उभे राहायचे हे ठरलेले. भूकंप झाला तेव्हा ये गावात नव्हते. ते धावत परतले तेव्हा बावीसशेहून अधिक मुले पटांगणात वर्गवार उभी होती. बाहेर पडायला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागला होता. एकही मूल दगावले नाही. हा माणूस इंजिनिअर नव्हता, शिक्षक होता, आणि २०११ साली वारला. आपल्या शिक्षक वाचकांनी त्याचे नाव लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले जळाली. तेथे छप्पर झावळ्यांचे होते. भूकंपात न मारणारे हलके छप्पर आगीत मारते, म्हणजे एकाच धोक्याची पाहणी करून भागत नाही, हेही कळले. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क सामावलेला आहे. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात इमारत कशी असावी ते सांगितले आहे : सर्व ऋतूंत टिकणारी, शिक्षकागणिक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पाणी, स्वयंपाकघर, कुंपण. भूकंप हा ऋतू नसल्यामुळे बहुधा त्यात आलेला नाही. २०११ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळासुरक्षेचा कार्यक्रम आखला तो चौथ्या-पाचव्या विभागातील ४३ जिल्ह्यांसाठी, जिल्ह्यामागे २०० शाळा. कार्यक्रम चांगलाच होता. पण निवड पुन्हा नकाशावरून झाली, आणि नकाशाने काय केले ते आपण पाहिले.

याहून मोठी चूक दुसरीच आहे. या साऱ्या मोजणीत 'शाळा' म्हणजे अकरा ते पाच भरणारी शाळा असे गृहीत धरलेले असते. लेखाच्या आरंभी दिलेल्या वेळांकडे पुन्हा पाहावे. पहाटे चार वाजता वर्गातील मूल घरी असते. वसतिगृहातील मूल कोठे असते?

वसतिगृह हा महाराष्ट्रातील बहुजन व दलित शिक्षणाचा कणा आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे काढली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला आणले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. शहरात खोली मिळत नसे, विहिरीवर पाणी मिळत नसे. वसतिगृह नसते तर शाळेचे उघडलेले दार आपल्या उपयोगाचे नव्हते. त्यातूनच पुढे समाजकल्याणची वसतिगृहे आणि आदिवासी आश्रमशाळा आल्या. त्यांतील अनेक भाड्याच्या इमारतींत चालत आल्या आहेत : जुना वाडा, बंद पडलेले गोदाम, कोणाच्या तरी घराचा वरचा मजला. भाड्याच्या जागेत मालक दुरुस्ती करीत नाही आणि खात्याला ती करता येत नाही.

हिशेब साधा आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास शिकवायचे. वर्षाचे तास ८,७६०. मधली सुट्टी, प्रार्थना धरून दिवसशाळेचे मूल इमारतीत फार तर वर्षाच्या सातव्या हिश्श्याएवढे असते. निवासी मुलाचे, सुट्ट्या वजा जाता, सहा हजारांहून अधिक तास तेथेच जातात. म्हणजे त्याचा धोका दिवसशाळेच्या मुलाच्या पाच पटीच्या आसपास, आणि त्यातले निम्मे तास रात्रीचे, बरेचसे झोपेतले. मुलींच्या वसतिगृहाला सुरक्षिततेसाठी रात्री कुलूप असते, खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात. सराव झालाच तर सकाळी अकरा वाजता, साहेब आल्यावर होतो.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता, आणि त्या पळापळीत एक लहान मुलगी दगावली. धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांना तंबू पुरविण्यात आले, माणसे थंडीत घराबाहेर झोपली. किल्लारीच्या १९९२ सारखीच ही सूचना, आणि ती आश्रमशाळांच्या मुलखात मिळाली.

अशा जिल्ह्यात तपासणी करायची तर ती वर्गखोल्यांपासून सुरू न करता निजण्याच्या खोल्यांपासून करावी. तक्त्याला दोन रकाने जास्तीचे लागतील : पहाटे चार वाजता या छपराखाली किती मुले असतात, आणि दाराची किल्ली त्या वेळी कोणाजवळ असते. पहिला रकाना हजेरीपटावरून भरता येतो. दुसरा भरण्यासाठी रात्री जाऊन पाहावे लागेल.